जाळीपलीकडचा प्रश्न

कृत्रिम संततिनियमनाला कॅथलिक चर्चचा विरोध आहे, एवढे बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. हा विरोध पोपच्या पत्रांमधून आला असे आपण धरून चालतो. पत्रे आहेतच, पण ती वाचणारे किती? नवराबायकोच्या खोलीपर्यंत ही शिकवण पोचली ती एका लाकडी कपाटातून, म्हणजे पाद्र्याला आपली पापे सांगून क्षमा मागण्याच्या, पापनिवेदनाच्या जागेतून. गोव्याच्या कोकणीत या संस्काराला कुमसार म्हणतात. १९६८ साली पोपच्या एका पत्रावरून जगभर एवढा गहजब का माजला, हे त्या कपाटात डोकावल्याशिवाय उमगत नाही.

वर्षातून निदान एकदा पापनिवेदन केलेच पाहिजे, हा दंडक १२१५ मध्ये रोमला भरलेल्या चर्चच्या लॅटरन परिषदेने घातला. गावोगावचे लोक ईस्टरच्या आगेमागे तो उरकून घेत. मधली जाळी आणि आडोसा पुढे सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांच्या आग्रहामुळे आला. पाद्री आणि पापनिवेदनाला आलेली बाई यांच्यात पडदा असावा, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये, हा त्यामागचा साधा हिशेब.

प्रश्न अवघड झाला तो एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये. तिथे जन्मदर इतर युरोपच्या बराच आधी घसरू लागला होता. वारसाहक्क सगळ्या मुलांना सारखा, मग शेताचे तुकडे कशाला पाडायचे, असे एक कारण सांगितले जाते. साधने नव्हती; नवरा ऐन वेळी आवरते घेई, एवढाच उपाय. बायबलमधल्या ओनानच्या, म्हणजे वीर्य जमिनीवर सांडल्याबद्दल देवाने मारलेल्या माणसाच्या, कथेचा आधार घेऊन चर्च त्याला पाप म्हणत आले होते. ल मांचे बिशप बुव्हिए यांनी १८४२ मध्ये रोमला विचारले, की ही जोडपी आपण काही गैर करतो असे मानतच नाहीत, आणि खोदून विचारले तर दुखावून चर्चपासून दुरावतात. पाद्र्यांनी करावे काय? उत्तर आले ते अठराव्या शतकातले नीतिपंडित संत आल्फोन्सस लिगोरी यांच्या मताचा हवाला देऊन : समोरच्याने विचारल्याखेरीज याविषयी सहसा बोलू नये. माणूस प्रामाणिकपणे चुकत असेल, आणि सांगूनही सुधारण्याची आशा नसेल, तर त्याच्या अजाणतेपणाचे जाणतेपणी केलेल्या पापात रूपांतर कशाला करा! मला हे उत्तर चर्चच्या इतिहासातल्या शहाण्या उत्तरांपैकी एक वाटते.

ते टिकले नाही. १८८६ मध्ये रोमने सूर बदलला : सबळ संशय असेल तर पाद्र्याने विचारावे.

मग आला एक निर्णय, ज्याचा लग्नाशी वरकरणी काहीच संबंध नव्हता. १९०५ मध्ये पोप दहावे पायस यांनी भाविकांना वारंवार, जमल्यास रोज, ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, घेण्याचे आवाहन केले. तोवर सामान्य माणूस तो वर्षातून दोनचारदाच घेई. पण गंभीर पाप अंगावर असताना प्रसाद घेता येत नाही. आधी पापनिवेदन हवे. भक्ती वाढली तशा जाळीपुढच्या रांगाही वाढल्या. जो प्रश्न वर्षातून एकदा कसाबसा टाळता येत होता, तो आता शनिवारी संध्याकाळी पुन्हा पुन्हा समोर उभा राहू लागला. आणि आळीतल्या कुणी रविवारी वेदीकडे जायचे टाळले तर शेजाऱ्यांच्या ते लगेच लक्षात येई.

१९३० च्या ऑगस्टमध्ये अँग्लिकन, म्हणजे रोमपासून वेगळ्या झालेल्या इंग्लंडच्या चर्च-परंपरेतल्या, बिशपांनी लॅम्बेथ परिषदेत, १९३ विरुद्ध ६७ मतांनी, काही परिस्थितीत संततिनियमनाला मुभा दिली. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोप अकरावे पायस यांचे ‘कास्ती कोनुबी’ हे पत्र निघाले. त्यात बंदी तर होतीच, शिवाय पापनिवेदन ऐकणाऱ्यांना कडक ताकीद होती : भाविकांना या बाबतीत अंधारात ठेवू नका. म्हणजे १८४२ चे मौन आता पुरतेच संपले. (आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र १९२१ मध्येच काढले होते, आणि सनातन्यांचा रोषही ओढवून घेतला होता. तेव्हा ही कुरबुर एकट्या रोमची नव्हे.)

१९५१ मध्ये बारावे पायस यांनी इटलीतल्या सुईणींपुढे बोलताना एक फट मोकळी केली. सबळ कारण असेल तर जोडप्याने गर्भधारणेचे दिवस टाळावेत, त्याला हरकत नाही. जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी १९२० च्या दशकात त्या दिवसांचा हिशेब मांडला होता. पण पाळी अनियमित असलेल्या बाईचा हिशेब कुठून जुळणार? घरोघरी कॅलेंडरवर खुणा झाल्या आणि तरीही पाळणे हलत राहिले.

१९६० मध्ये अमेरिकेत गोळीला मान्यता मिळाली. ती तयार करणाऱ्यांपैकी डॉ. जॉन रॉक हे स्वतः नेमाने चर्चला जाणारे कॅथलिक. गोळी शरीराच्या नैसर्गिक चक्राचीच नक्कल करते, मग तिला हरकत कसली, असा त्यांचा युक्तिवाद. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ मध्ये या प्रश्नावर सहा जणांचा एक आयोग नेमला. त्यांच्यानंतरचे पोप सहावे पॉल यांनी तो वाढवत नेला. त्यात डॉक्टर होते, धर्मपंडित होते, संसारी जोडपीही होती. शिकागोच्या क्रॉली दांपत्याने अनेक देशांतल्या जोडप्यांची पत्रे आयोगापुढे ठेवली. चर्चवर निष्ठा ठेवून दिवस मोजणाऱ्या घरांतली ओढाताण त्यांत होती. अंतिम टप्प्यात बसलेल्या बिशपांमध्ये मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस होते. हा घोळ चालू असतानाच, डिसेंबर १९६४ मध्ये, सहावे पॉल ओव्हल मैदानावरच्या युकॅरिस्टिक काँग्रेससाठी, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या सन्मानार्थ भरणाऱ्या जागतिक मेळाव्यासाठी, मुंबईत येऊन गेले. कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम म्हणून १९५२ पासून राबवणारा देश त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

१९६६ मध्ये आयोगाच्या मोठ्या बहुमताने बदलाची शिफारस केली. अल्पमताचा मुद्दा मात्र गोळीविषयी कमी आणि अधिकाराविषयी जास्त होता. १९३० मध्ये आपण चुकलो होतो असे आज म्हटले, तर पवित्र आत्मा तेव्हा रोमऐवजी लॅम्बेथच्या बाजूने होता असे कबूल करावे लागेल. आणि ज्या लाखो लोकांना पाप म्हणून जाळीआड दटावले, त्यांना काय सांगणार? माझ्या मते पारडे फिरवले ते याच पेचाने.

आयोगाचे कागद १९६७ मध्ये फुटले, वर्तमानपत्रांत छापून आले. जोडप्यांनी गृहीत धरले की आता परवानगी येणार. कित्येक पाद्र्यांनीही तसेच सांगायला सुरुवात केली होती. २५ जुलै १९६८ ची तारीख असलेले सहावे पॉल यांचे ‘ह्युमाने विते’ हे पत्र आले ते उलट उत्तर घेऊन : पतिपत्नींचे मीलन आणि अपत्यजन्माची शक्यता, हे समागमाचे दोन अर्थ माणसाने एकमेकांपासून तोडू नयेत. पत्राचा शेवटचा भाग मात्र क्वचितच कुणी उद्धृत करते. पाप पुन्हा घडले तर खचू नका, नम्रतेने संस्काराकडे या, असे जोडप्यांना. आणि ख्रिस्तासारखे सोशिक राहा, असे पाद्र्यांना. पाश्चात्त्य देशांतल्या अनेकांनी ते ऐकले नाही. गोळी घेणाऱ्या बायका रविवारी प्रसादाला येत राहिल्या, शनिवारी जाळीपुढे यायच्या थांबल्या. सहावे पॉल पुढे दहा वर्षे पोप होते. अशा दर्जाचे दुसरे पत्र त्यांनी लिहिले नाही.

१९९७ मध्ये व्हॅटिकनने पापनिवेदन ऐकणाऱ्यांसाठी वैवाहिक प्रश्नांवर एक मार्गदर्शिका काढली. बंदी तशीच ठेवली. पण माणूस खरोखर अजाणतेपणी चुकत असेल तर त्याला त्या प्रामाणिक समजुतीत राहू देणे बरे, हे तत्त्व याही बाबतीत लागू असल्याचे तिने नमूद केले. बिशप बुव्हिए यांना जवळजवळ हेच कळवले होते, १५५ वर्षांपूर्वी.