न थांबता पुढे जाणारा राउंड

वृद्धांचे आजार आणि आयुष्याच्या अखेरीची शुश्रूषा, या दोन शाखांत आज डॉक्टर पूर्ण कारकीर्द घडवतात. दोन्हींचा उगम एकाच जागी आहे: राउंडवरचे डॉक्टर न थांबता पुढे जायचे, त्या खाटेपाशी.

‘जेरियाट्रिक्स’, म्हणजे वृद्धांच्या आजारांची वैद्यकशाखा, हा शब्द न्यूयॉर्कच्या इग्नाझ नाशर यांनी १९०९ मध्ये घडवला. काम उभं राहिलं ते १९३५ नंतर. लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारच्या गरीबखान्याचं रुग्णालय ताब्यात घेतलं आणि वर्षानुवर्षं पडून असलेले शेकडो रुग्ण डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे आले. त्यांनी एकेकाला तपासलं. कित्येक जण केवळ कुणी उठवलं नाही म्हणून अंथरुणाला खिळले होते. उठवून, चालतं करून त्यांतल्या अनेकांना घरी पाठवता आलं.

अखेरीच्या शुश्रूषेची शाखा उभी करणाऱ्या ब्रिटनच्या सिसिली सॉन्डर्स यांची वाट अधिक वळणांची. आधी परिचारिका, पाठदुखीमुळे ते सुटलं. मग रुग्णालयातल्या समाजसेविका. १९४७-४८ च्या सुमारास डेव्हिड तास्मा हा कर्करोगाने मरणपंथाला लागलेला पोलिश ज्यू निर्वासित त्यांना भेटला. जाताना त्याने ५०० पौंड मागे ठेवले: मरणाऱ्यांसाठी तुम्ही उभाराल त्या वास्तूत मी एक खिडकी होईन, म्हणाला. मरणाऱ्यांकडे पाठ फिरवतात ते डॉक्टरच, तेव्हा तुम्ही डॉक्टर व्हा, असं एका सर्जनने सुचवलं आणि १९५७ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्या डॉक्टर झाल्या.

त्या काळी रुग्ण कळवळेपर्यंत मॉर्फिन मिळत नसे. सॉन्डर्स यांनी ते घड्याळाच्या काट्यावर, दुखणं डोकं वर काढण्याआधीच, तोंडाने द्यायला सुरुवात केली. रुग्ण गुंगीत न बुडता बोलू लागले, जेवू लागले. माझ्या मते या शाखेतला सर्वांत मोठा शोध हाच. आणि त्यासाठी नवं औषध लागलं नाही. वेदना देहाची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, ही त्यांची मांडणी यातूनच आली. १९६७ मध्ये लंडनला त्यांचं सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणपंथाला लागलेल्यांचं शुश्रूषागृह, उघडलं. तिथे तास्माची खिडकी आहे.

या शुश्रूषेला ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे नाव दिलं ते कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे डॉक्टर बाल्फोर माउंट यांनी. फ्रेंच भाषिकांना ‘हॉस्पिस’ म्हटलं की निराधारांचा आश्रम आठवायचा, म्हणून त्यांनी दुसरा शब्द शोधला. ब्रिटनने १९८७ मध्ये, अमेरिकेने २००६ मध्ये या शाखेला मान्यता दिली. तरी ‘हे उपचार म्हणजे हार’ हा समज हटत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०१० मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवरचा अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला: ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून ही शुश्रूषा मिळाली त्यांतले निम्मे ११.६ महिन्यांहून अधिक जगले, इतरांतले निम्मे ८.९ महिन्यांहून अधिक.

दोन्ही शाखा आज पुन्हा एकाच खाटेपाशी येतात. अमेरिकेत मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, हॉस्पिस सेवेसाठी ‘आजार नेहमीच्या गतीने गेला तर सहा महिने किंवा कमी’ असं डॉक्टरांना लिहून द्यावं लागतं. कर्करोगात तो अंदाज बराचसा बांधता येतो. स्मृतिभ्रंशात किंवा थकलेल्या हृदयात रुग्ण ढासळतो, सावरतो, पुन्हा ढासळतो. तिथे तारीख लिहिणं कठीण असतं आणि शुश्रूषेची गरज मात्र पहिल्याच दिवसापासून असते.