कुरुंदवाड

कुरुंदवाड हे कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातलं शेतीवर चालणारं छोटं शहर. नगरपालिका आहे, एसटीचं आगार आहे, तरी इथली माणसं स्वतःच्या गावाला गावच म्हणतात. पंचगंगा जिथं कृष्णेला मिळते तिथं अलीकडं कुरुंदवाड आणि नदीपलीकडं नरसोबाची वाडी, त्यामुळं बाहेरचे लोक वाडीला येतात, दत्ताचं दर्शन घेतात, बासुंदी खातात आणि समोरचं गाव न बघताच परत जातात, याचं खरंच वाईट वाटतं.

पेशव्यांनी पटवर्धनांना जहागीर दिली आणि गाव संस्थानाची राजधानी झालं. 1854 मध्ये संस्थानाच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा वाटण्या झाल्या, पुढं 1948 ला विलीनीकरण. सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी इथं संगमाजवळ आहे असं मानतात. आणि गाणं शिकणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं असं म्हणजे विष्णू दिगंबर पलुस्कर 1872 साली याच गावात जन्मले. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकले आणि 1901 ला थेट लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं.

आता शेतीचं. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीला इकडं मळी म्हणतात आणि मळीतल्या वांग्याची चव दुसरीकडं मिळत नाही. बाकी सगळा ऊस. जुलै-ऑगस्टात आडसाली लागण म्हणजे पावसाळ्यातली लावणी, वर्ष-दीड वर्षानं तोड, मग खोडवा म्हणजे तोडलेल्या बुडख्यांवर परत फुटलेला ऊस. हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, रस्त्याकडंला वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या दिसायला लागतात आणि चहाच्या टपरीवर एकच विषय, तोड कधी आणि दर किती. दरासाठीची आंदोलनं या तालुक्यानं जेवढी बघितली तेवढी क्वचितच कुणी बघितली असतील.

पण पाण्यानं दिलं तसं पाण्यानंच नेलं पण. वर्षानुवर्षं काळ्या रानाला पाटानं भरमसाट पाणी सोडलं, निचरा नाही, मग खालचे क्षार वर आले. तालुक्यातलं असं क्षारपड रान उन्हाळ्यात जवळून बघा, मीठ सांडल्यासारखा पांढरा थर, पाय ठेवला की वरचा पापुद्रा मोडतो आणि खाली ओल लागते, उसाचा कोंब आला तरी हातभर वाढून पिवळा पडतो. उपाय आहे, जमिनीखाली भोकं पाडलेले पाइप घालून पाणी ओढ्याला काढायचं. शिरोळच्या दत्त साखर कारखान्यानं हे काम मनावर घेतलंय आणि पडीक रानात परत ऊस उभा राहिलाय. अडचण एवढीच की पाइप शेजाऱ्याच्या रानातून न्यावा लागतो, एकट्याला जमत नाही, पूर्ण शिवारानं एकत्र यावं लागतं.

आणि महापूर. 2005, 2019, 2021, ही सालं इथं पोरांनासुद्धा पाठ आहेत. जनावरं सोडवायची, धान्य माळ्यावर टाकायचं, नातेवाईकांकडं नाहीतर छावणीत जायचं. पाणी उतरल्यावर ऊस लांबून हिरवा दिसतो, पण शेंड्यावरून चार-आठ दिवस पाणी गेलं असलं तर सुरळी म्हणजे शेंड्याचा कोवळा पोंगा कुजलेला असतो, ओढला की हातात येतो, आणि कांड्यांना पांगशा म्हणजे बाजूचे कोंब फुटतात, वजन गेलंच म्हणून समजा. पूर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगीमुळं (मागं तुंबणाऱ्या पाण्यामुळं), पावसामुळं की नदीपात्रातल्या भरावांमुळं यावर वाद चालूच आहे, मात्र कर्नाटकानं धरणाची उंची 519 वरनं 524 मीटरवर न्यायचं म्हटल्यापासून काठावरच्या माणसाला झोप नाही.

गावाची खरी ओळख मात्र मशिदीतला गणपती. इथल्या पाच मशिदींमध्ये गणपती बसतो, हिंदू-मुसलमान दोघं मिळून बसवतात, आरती करतात. मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतो, त्यामुळं तीसेक वर्षांनी गणपती आणि मोहरम एकत्र येतात. 2018 पासून सलग तीन वर्षं तसं झालं आणि एकाच छताखाली मोहरमचे पंजे आणि गणपती शेजारी शेजारी बसले.