काकांच्या ओठावर दर मे महिन्यात फोड का येतो

आमच्या देवगडच्या काकांच्या ओठावर दरवर्षी आंबा काढायच्या दिवसांत फोड उठतात, तेही कायम डाव्या कोपऱ्यातच, आणि घरातलं ठरलेलं निदान म्हणजे "उष्णता झाली, आंबा बाधला". चीक लागून तोंड भाजतं हे खरंय, पण चीक काय जागा लक्षात ठेवून येत नाही. येतो तो हर्पीस सिम्प्लेक्स व्हायरस. नाव ऐकून कुणी भलतंसलतं मनात आणू नका, ओठावरचा हा प्रकार बहुतेकांना लहानपणीच मिळतो, कुणाच्यातरी पाप्यांमधून, आणि जगात 50 वर्षांखालच्या दर 3 माणसांत साधारण 2 जणांत तो असतो.

फोड बरा होतो पण व्हायरस जात नाही. तो नसेच्या तंतूतून उलटा वर चढतो आणि कवटीच्या तळाशी, कानाच्या जरा पुढे, चेहऱ्याच्या नसांच्या पेशींचा जो गठ्ठा असतो तिथे मुक्काम ठोकतो. 1905च्या सुमारास हार्वी कुशिंग या सर्जनने चेहऱ्याच्या भयंकर दुखण्यासाठी हीच नस कापली तर काही पेशंटना त्याच बाजूला फोड उठले, म्हणजे धागादोरा तेव्हाच हाती लागला होता.

तिथे तो करतो काय? मुंबईला गेलेल्या चाकरमान्याचं गावातलं घर आठवा, सगळ्या खोल्यांना कुलपं आणि पडवीत एक बल्ब चालू. व्हायरसचा डीएनए आपल्याच पेशीच्या हिस्टोन नावाच्या प्रोटीनांवर गुंडाळलेला असतो, त्यावर रासायनिक खुणांची कुलपं, त्यामुळे 70च्या वर जीन्स गप्प. मुख्यतः एकच तुकडा वाचला जात राहतो, तो आपला बल्ब.

आता कुलूप उघडतं कोण, इथे खरी गंमत आहे. 2015 मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या अ‍ॅना क्लिफ, मोहनीश देशमुख वगैरे मंडळींनी उंदरांच्या नसपेशींत दाखवलं की चावी व्हायरसकडे नसतेच, ती पेशीचीच असते. पेशीवर ताण आला की तिच्यात जेएनके नावाचा अलार्म वाजतो, एरवी मरायचं की सावरायचं हे ठरवायला तो लागतो, आणि व्हायरस नेमका तोच ऐकून उठतो. भारी म्हणजे सुरुवातीला कुलूप निघतही नाही, त्याच्या शेजारी हिस्टोनवर एक फॉस्फेट येऊन बसतो आणि कुलूप आहे तिथे असूनही दार किलकिलं होतं. बुडत्या घरातून आधी सटकायचं, असा हिशोब असावा, निदान मला तरी तसं वाटतं.

ताप, जागरण, टेन्शन, पाळी आणि कडक ऊन ही सगळी त्याला उठवणारी कारणं. काका दिवसभर बागेत उन्हात, मग झालंच.

नागीण म्हणजे याचाच भाऊबंद, लहानपणीच्या कांजिण्यांचा व्हायरस म्हातारपणी उठतो. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो असं आपल्याकडे म्हणतात, पण तो सहसा एकाच नसेच्या पट्ट्यात, शरीराच्या एकाच बाजूला उठतो, जुळायचा प्रश्न येत नाही. काव लावत बसण्यापेक्षा पहिल्या 72 तासांत डॉक्टर गाठा.

काकांच्या फोडावर अ‍ॅसायक्लोव्हिर नावाचं औषध मिळतं, पण ते कामाला लावायला व्हायरसचंच एन्झाइम लागतं आणि झोपलेला व्हायरस ते बनवतच नाही, त्यामुळे गोळीने फोड लवकर जातो, भाडेकरू नाही. हे काकांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे हो पण आंब्याबरोबरच येतलो!"