बटण शेजाऱ्याने दाबायचं : मुलांच्या वर्कशॉपचे आणि शाळेतल्या मेकिंग क्लबचे आमचे नियम

(पालक आणि शिक्षकांसाठी. शाळांनी हे पत्रक क्लबच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवावं, ही विनंती.)

"बोर्ड जळाला, बदलून मिळेल का?" विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा फोन हा. (बोर्ड म्हणजे किटमधला आर्डुइनो ऊनो, प्रोग्रॅम टाकून सर्किट चालवणारा छोटासा संगणक.) कधी शाळेच्या लॅबमधून, कधी आईबाबांचा, कधी रडवेल्या आवाजात थेट मुलाचाच. नेमकं काय करताना बंद पडला, असं विचारलं की उत्तरही ठरलेलं : "काही नाही, एक वायर फक्त इकडची तिकडे केली." त्या वेळी बॅटरी चालू होती का, हे आम्ही आता विचारतही नाही.

म्हणून हे पत्रक. आम्ही शनिवार-रविवारी मुलांचं वर्कशॉप चालवतो, शाळांना किट आणि हत्यारं देतो, त्यांची देखभालही करतो. प्रोग्रॅम कसा टाकायचा, ब्रेडबोर्ड म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरलं आहे. ते किटबरोबरच्या पुस्तिकेत आहेच. इथे फक्त नियम, आणि ते तसे का आहेत ते.

एकच नियम पाळणार असाल तर हा पाळा

ज्याने जोडणी केली त्याने वीज सुरू करायची नाही. बटण शेजाऱ्याने दाबायचं. आणि दाबण्याआधी त्याने एकेका वायरवरून बोट फिरवत ती कुठून निघाली नि कुठे गेली, ते मोठ्याने म्हणायचं.

आमच्याकडे मुलं जोडीने बसतात ती यासाठीच. वायरी लावणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, कारण सर्किट त्याच्या डोक्यात बरोबर असतं आणि टेबलावरही त्याला तेच दिसतं. शेजारी मात्र कोऱ्या नजरेने बघतो. (वायरी खोचायच्या ब्रेडबोर्डाच्या कडेची लाल पट्टी विजेची, निळी ग्राउंडची, म्हणजे वीज परत जाण्याची. व्हीसीसी म्हणजे सेन्सरची वीज घ्यायची पिन, ती लाल पट्टीतच जायला हवी.) "ही पाच व्होल्टमधून निघाली, लाल पट्टीत गेली. ही ग्राउंडमधून, निळ्या पट्टीत. ही सेन्सरच्या व्हीसीसीमधून निघाली... अगं, ही पण निळ्यात गेलीये!" एवढं ऐकू आलं की त्या टेबलावरचा सेन्सर वाचला. अल्ट्रासॉनिक सेन्सरला (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणाऱ्या) उलटी वीज मिळाली की तो काही सेकंदांत तापतो आणि बहुधा पुन्हा चालत नाही.

मोठ्याने म्हणायला मुलं पहिल्या दिवशी लाजतात. नववी-दहावीतली तर हमखास. तरी सोडू नका. मनातल्या मनात तपासलेलं सर्किट म्हणजे न तपासलेलं सर्किट.

याच नियमाची दुसरी बाजू : वीज चालू असताना वायर हलवायची नाही. काढायची नाही, घालायची नाही, "जरा घट्ट" सुद्धा करायची नाही. आधी बॅटरीचा स्विच बंद, यूएसबी लावली असेल तर तीही बाहेर, मग वायरीला हात. काढलेल्या जंपर वायरचं दुसरं टोक अजून विजेला जोडलेलं असतं आणि मोकळं टोक टेबलावर कुठेही टेकतं. बॅटरीकडून येणारी नऊ व्होल्टची वायर क्षणभर जरी बोर्डाच्या पाच व्होल्टच्या पिनला लागली, तरी त्या पट्टीवरचं सगळं जाऊ शकतं. ठिणगी उडत नाही, धूर निघतोच असं नाही. मुलाला काही कळत नाही. ते पुढचा तासभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतं, मग सर शोधतात, मग आम्ही.

शाळेत मल्टिमीटर असेल (नसेल तर घ्या, साधा चालतो) तर आणखी एक सवय लावा. वीज जोडण्याआधी मीटर बीपवर ठेवून एक टोक लाल पट्टीला, दुसरं निळ्या पट्टीला लावायचं. सलग बीप वाजली तर कुठेतरी शॉर्ट आहे, पुढे जाऊ नका. क्षणभर वाजून थांबली तर घाबरू नका, कपॅसिटर भरतोय. आणि लांब ब्रेडबोर्ड असेल तर कडेच्या पट्ट्या मधोमध तुटलेल्या आहेत का ते बघा. छापलेल्या लाल रेघेत खंड दिसला की पट्टीही तिथे तुटलेली असते. डाव्या अर्ध्यातली वीज उजव्या अर्ध्यात जात नाही. यावर आम्ही अनेक शाळांमध्ये शिक्षकांचे तासन् तास वाया गेलेले पाहिले आहेत.

मोटर थेट पिनला लावू नका

ऊनो बोर्डाच्या एका पिनेतून २० मिलिअँपिअर घ्यावेत, ४० ही शेवटची मर्यादा. एलईडीला ते पुरेसे आहेत, अर्थात रेझिस्टर लावूनच. पिवळी बीओ मोटर (खेळण्यातल्या गाडीचं चाक फिरवणारी) नुसती मोकळी फिरतानाही याच्या कितीतरी पट खाते, आणि चाक अडलं की त्याच्याही कितीतरी पट. म्हणून मध्ये मोटर ड्रायव्हर, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर बॅटरीची वीज मोटरला देणारी वेगळी पाटी, हवाच. शिवाय चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चार चाकांची गाडी चालत नाही. तिच्यात व्होल्ट आहेत, दम नाही. मोटर सुरू होताच व्होल्टेज कोसळतं, बोर्ड रीसेट होतो आणि मुलं म्हणतात, बोर्ड वेडा झालाय. एल-२९८ हा मोटर ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट गिळतो, हेही हिशोबात धरा.

मग बदलून का देत नाही?

काही पालक यावर नाराज होतात, म्हणून स्पष्टच लिहितो. आमच्याकडून जाणारा प्रत्येक बोर्ड प्रोग्रॅम टाकून, सगळ्या पिना तपासून, तारखेची चिठ्ठी लावून जातो. मुळातला दोष निघाला तर लगेच बदलतो, बिलही मागत नाही. शॉर्ट होऊन गेलेला बोर्ड मात्र फुकट बदलत नाही. तसं सुरू केलं तर त्याचा खर्च शेवटी काळजीपूर्वक काम करणाऱ्या मुलांच्या फीमध्ये जाऊन बसेल, आणि ते आम्हाला पटत नाही.

त्याऐवजी आम्ही दोन गोष्टी करतो. एक, आमच्या किटमधला बोर्ड सॉकेटवाला असतो. लांब, अठ्ठावीस पायांची चिप त्यातून उपटून निघते. बऱ्याचदा गेलेली असते ती फक्त चिप. आम्ही बूटलोडर (यूएसबीवरून प्रोग्रॅम घेऊ देणारा छोटा प्रोग्रॅम) टाकलेली नवी चिप बसवून देतो, बोर्डाच्या किमतीच्या मानाने बराच कमी खर्च येतो. ऑनलाइन किंवा पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत याहून स्वस्त बोर्ड मिळतो, हे आम्हालाही माहीत आहे. त्यावरची चिप बारीक, चौकोनी आणि डाग देऊन बसवलेली असते. ती गेली की मुलांच्या हातच्या दुरुस्तीचं काम राहत नाही. दोन, आमच्या बॅटरी बॉक्समध्ये स्विच आणि फ्यूज दोन्ही असतात. ऊनो बोर्डाच्या यूएसबीवर ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज असतो, पण तो कॉम्प्युटरला वाचवण्यासाठी. बॅटरीच्या वाटेवर तसं संरक्षण नसतं. दहा-पंधरा रुपयांच्या फ्यूजने शाळेची सबंध टर्म निभावते.

आणि "जळाला" म्हणून आलेल्या बोर्डांपैकी बरेच ठणठणीत असतात! मोबाइलची एखादी केबल फक्त चार्जिंगची असते, तिच्यातून डेटा जातच नाही. बोर्डावरचा दिवा लागतो आणि कॉम्प्युटर मात्र म्हणतो, पोर्ट नाही. केबल बदलून बघा. तरी पोर्ट दिसलं नाही तर कॉम्प्युटरवर सीएच-३४० चा (बोर्डावरच्या यूएसबी चिपचा) ड्रायव्हर, म्हणजे सॉफ्टवेअर, टाका. मगच आमच्याकडे या.

बाकीचे नियम, थोडक्यात

२३० व्होल्टला मुलांनी हात लावायचा नाही. "घरातला दिवा मोबाइलवर लावून दाखवायचाय" असं दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. रिले बोर्डाच्या (घरातली वीज चालू-बंद करणाऱ्या) खालच्या बाजूला मेन्सच्या विजेचे सोल्डरचे डाग उघडे असतात, आणि प्रदर्शनाच्या टेबलावर तो बोर्ड कुणीही उचलून बघतं. आम्ही तेच मॉडेल बारा व्होल्टच्या एलईडी दिव्यावर करून देतो. परीक्षकांना तत्त्व बघायचं असतं, ट्यूबलाइट नव्हे.

लिथियमचे ‘१८६५०’ मापाचे सेल आम्ही घरी देत नाही. पेन्सिल सेल शॉर्ट झाला तर सहसा नुसता तापतो. लिथियम सेल पेट घेऊ शकतो. लॅबमध्येही चार्जिंग कुणीतरी समोर असतानाच, आणि शाळा सुटताना चार्जर बंद.

ड्रिल मशिनवर हातमोजे नकोत. पालकांना हे उलटं वाटतं, पण मोजा फिरत्या बिटात अडकला तर हातासकट ओढला जातो. केस बांधलेले, ओढणी काढून ठेवलेली, हातातलं कडं-राखी बाजूला, पायात बंद बूट, डोळ्यांवर गॉगल. लाकूड हाताने धरायचं नाही, क्लॅम्प लावायचा.

सोल्डरिंगच्या टेबलावर डबा उघडायचा नाही आणि उठल्यावर साबणाने हात धुवायचे. साध्या सोल्डर तारेत शिसं असतं. चटके मात्र आमच्याकडे आयर्नपेक्षा ग्लूगनने जास्त बसतात. आयर्नला मुलं घाबरून असतात, गोंदाला कोण घाबरतं? चटका बसला तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं हात धरायचा. चिकटलेला गोंद ओढून काढायचा नाही, आणि टूथपेस्ट, हळद काहीही लावायचं नाही.

लेझर कटरमध्ये पीव्हीसी, रेक्झिन, फ्लेक्स अजिबात नाही. त्यातून निघणारा क्लोरीनयुक्त वायू फुप्फुसांना घातक आणि मशीनलाही गंज चढवतो. शीट कसली आहे याची खात्री नसेल तर आम्ही कापत नाही. वाद घालू नये.

वय, आणि पालकांची खुर्ची

चौथीतल्या मुलांना घ्याल का, असं विचारणं होतं. आम्ही सहावीपासून घेतो. २०१६ पासून सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या शाळांमधल्या अटल टिंकरिंग लॅबही सहावी ते बारावीसाठीच आहेत, तेव्हा हा काही आमचा हट्ट नाही. धाकट्यांसाठी सुट्टीत पुठ्ठा-लाकडाची वेगळी बॅच असते, तिथे वीज नसते.

पालकांनी वर्कशॉपमध्ये बसू नये, बाहेर बाकं आहेत. मुलाचा स्क्रू तिरका जायला लागला की बाबांचा हात आपोआप पुढे जातो, आम्ही बघतो ना. स्क्रू सरळ बसतो आणि शिकणं तिथेच थांबतं. हाताने करत शिकणं हे काही कालचं फॅड नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबाग यांनी १९८३ पासून तेच चालवलं, आणि २००२ मध्ये तिथे फॅब लॅबही (डिजिटल मशीनांची कार्यशाळा) उभी राहिली. खेड्यातली मुलं तिथे वेल्डिंगही शिकतात. आपल्या मुलाला एक स्क्रू तिरका बसवू द्या.

प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात तयार मॉडेल करून मिळणार नाही. निदान महिनाभर आधी या, मुलाला घेऊन या.

शाळांसाठी एक : लॅबला अनुदानातून महागडी मशीनं येतात आणि पाना-पक्कड हरवेल म्हणून कपाटाला कुलूप बसतं. त्यापेक्षा भिंतीवर फळी लावा, प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवा. तासाची शेवटची दहा मिनिटं आवराआवरीची. रिकामी आकृती दिसली तर कुणी घरी जायचं नाही. फळी आम्ही मापाने करून देतो. वार्षिक देखभालीच्या करारात ती वेगळे पैसे न घेता येते, त्यात प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला एक भेट आणि शिक्षकांसाठी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षणही धरलेलं आहे.

बंद पडलेला बोर्ड आणताना

वायरी सोडवून, बोर्ड पुसून, डब्यात घालून आणू नका. बॅटरी काढा, पण जोडणी आहे तशीच ठेवा, आणि आणणं शक्य नसेल तर वरून एक आणि दोन्ही बाजूंनी एकेक फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवा. शेवटी कुठली वायर हलवली ते मुलालाच लिहू द्या, तुम्ही लिहू नका. अर्ध्याअधिक वेळा आम्ही फोटोवरूनच सांगू शकतो आणि तुमची खेप वाचते. सोमवारी बंद असतो.