दाणे आयएसओमुळे येतात का?

"रात्री आयएसओ ८००च्या वर नेऊ नका, फोटोत दाणे येतात," हा सल्ला वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतोय. (आयएसओ म्हणजे कॅमेऱ्यात फोटो उजळ करणारी सेटिंग.) दाणे दिसतात हे खरं, पण त्यांचं मूळ कारण आयएसओ नाही. प्रकाशच कमी मिळालेला असतो.

प्रकाश पावसाच्या थेंबांसारखा पडतो, कुठे कमी कुठे जास्त. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० प्रकाशकण पडले, तर चढउतार साधारण १०० चा, म्हणजे १ टक्का. १००च पडले, तर १० चा, म्हणजे १० टक्के! हेच ते दाणे. कण किती पडणार हे शटर (प्रकाश आत येण्याचा वेळ) आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) ठरवतात. आयएसओ फक्त मिळालेला सिग्नल मोठा करतो. ऑटो मोडमध्ये मात्र आयएसओ वाढवला की कॅमेरा शटरचा वेळ कमी करतो, प्रकाश घटतो आणि खापर आयएसओवर फुटतं.

घरीच पाहा. मंद दिवा, ट्रायपॉड, मॅन्युअल मोड, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला फोटो). शटर १/६० सेकंद आणि अॅपर्चर एफ/४ तेच ठेवून एक फोटो आयएसओ ४०० ला, दुसरा ३२०० ला काढा. पहिला संगणकावर तीन स्टॉप (म्हणजे आठपट) उजळवा आणि सावलीचा भाग मोठा करा. तोही तितकाच दाणेदार दिसेल. बऱ्याच कॅमेऱ्यांत जरा जास्तच.

आयएसओ कमी ठेवायचा म्हणून शटरचा वेळ वाढवला, तर हललेलं सगळं पुसट होतं. खांबावरच्या पिंगळ्याने १/१५ सेकंदाच्या शटरला मान वळवली की डोळ्यांच्या जागी पिवळे फराटे येतात, ते कशानेच निघत नाहीत. दाणे निदान सॉफ्टवेअरने कमी होतात. फ्रेममध्ये रस्त्याचा दिवा असेल, तर मात्र आयएसओ कमीच बरा. नाहीतर दिव्याभोवतीचं सगळं पांढरंफटक होतं.