खवट तेल आणि ई जीवनसत्त्व

विदर्भाच्या उन्हाळ्यात जवसाच्या तेलाचा डबा उघडा राहिला, की तेलाला वार्निशसारखा वास मारतो आणि डब्याच्या तोंडाशी चिकट साय धरते. या तेलातला निम्म्याहून जास्त भाग ओमेगा-3चा, आणि तो हवा लागताच बिघडतो. तेलातलं ई जीवनसत्त्व आधी स्वतः खर्ची पडून हा बिघाड थोपवतं. ते संपलं की तेल झपाट्याने खवट होतं.

हा गुण कळायला मात्र वेळ लागला. 1922 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलेत हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांनी उंदरांना डुकराची चरबी, केसिन (दुधातलं प्रथिन) आणि स्टार्चवर ठेवलं. माद्या गाभण राहत, पण गर्भ पोटातच जिरून जाई. लेट्यूसची पानं खाऊ घातली, की पिल्लं होत. 1924 मध्ये या अज्ञात घटकाला ‘ई’ हे अक्षर मिळालं. 1936 मध्ये तो गव्हाच्या अंकुराच्या तेलातून वेगळा काढला गेला आणि बाळंतपणासाठीच्या ग्रीक शब्दावरून ‘टोकोफेरॉल’ झाला. खवटपणा रोखण्याचं काम 1937 साली पुढे आलं, तोवर बारसं झालेलं होतं! मूल व्हावं म्हणून ईच्या गोळ्या घेतात, ती त्या उंदरांचीच पुण्याई; माणसांत तसा ठोस पुरावा नाही.

ई म्हणजे आठ संयुगं. यकृत त्यातलं अल्फा नावाचं संयुग निवडून रक्तात सोडतं, गॅमा नावाचं बहुतेक टाकून देतं. जवस आणि सोयाबीन गॅमावाले, करडई अल्फावाली. 100 ग्रॅम करडई तेलात अल्फा सुमारे 34 मिलिग्रॅम, सोयाबीन तेलात जेमतेम 8. अमेरिकेत प्रौढांसाठी रोजची शिफारस 15 मिलिग्रॅमची आहे. करडई मागे पडून सोयाबीन आलं, तेव्हा फोडणीतलं ईही बदललं. सरकीच्या तेलात अल्फा करडईइतकंच, पण कच्च्या तेलात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं आणि ते पुरुषांच्या शुक्रजंतूंवरच उठतं. म्हणून ते रिफाइन केलेलंच खावं.

नुसत्या जेवणामुळे ईची कमतरता क्वचितच होते. ज्यांना चरबी पचत नाही, त्यांना ती होऊ शकते; मग तोल जातो, हातापायांची संवेदना कमी होते. धडधाकट माणसाने कॅप्सूल घेण्यात तोटाच जास्त. 35 हजारांवर पुरुषांच्या अमेरिकी चाचणीत रोज 400 युनिट घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्क्यांनी जास्त आढळला. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर रक्तस्रावाचाही धोका.

घाण्यावरून जवसाचं तेल थोडंथोडंच आणावं, गडद बाटलीत काठोकाठ भरून सावलीत ठेवावं. तळून उरलेलं तेल नव्या तेलात ओतू नये. जुन्यातला बिघाड नव्यातलं ई खाऊन टाकतो.