ऑक्टेन बूस्टरची बाटली उघडण्याआधी

आमच्या बूस्टरमधला मुख्य घटक म्हणजे एमएमटी. हे मँगनीजचं सेंद्रिय संयुग आहे; रंगाने नारिंगी आणि पेट्रोलमध्ये सहज विरघळणारं. यात शिसं नाही.

त्याचं काम एकच, नॉकिंग रोखणं. प्लगची ठिणगी पडली की ज्योत सिलिंडरभर पसरत जायला हवी. पण दाब आणि उष्णता फार वाढली, तर कडेचं मिश्रण ज्योत पोचायच्या आतच आपोआप भडकतं, आणि चढावर इंजिन टकटक वाजू लागतं. एमएमटी जळताना तयार होणारे मँगनीज ऑक्साइडचे सूक्ष्म कण हे भडकणं लांबवतात. पेट्रोलमधली ऊर्जा मात्र त्याने वाढत नाही. गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या ऑक्टेनचं (म्हणजे नॉकिंग रोखण्याच्या क्षमतेच्या आकड्याचं) पेट्रोल भरता आणि गाडी नॉक करत नाही? मग बाटली घेऊ नका. ना पिकअप वाढेल, ना मायलेज. विकणारे आम्हीच असलो तरी हे सांगायला हवं.

बाटलीवरच्या 'पॉइंट'ने बरेच जण फसतात. या धंद्यात १ पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा हिस्सा. ३० पॉइंट वाढले तर ९१ चं ९४ होतं, १२१ नव्हे! दुप्पट डोस टाकून वाढही दुप्पट होत नाही. राख मात्र दुप्पट होते.

ही राख मँगनीजची. प्लग काढून पाहिलात तर टोकावर तांबूस थर दिसेल. तो जाड झाला की प्लग मिसफायर करू शकतो, आणि ऑक्सिजन सेन्सर व धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवरही राख बसते. युरोपीय संघात २०१४ पासून १ लिटर पेट्रोलमध्ये २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त मँगनीज चालत नाही, अमेरिकेत ही मर्यादा सुमारे ८.३ मिलिग्रॅम आहे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये मँगनीजला मनाई असेल, तर तिथेच विषय संपला. डिझेल गाडीत तर हे अजिबात नको. ते इंजिन इंधन आपोआप पेटण्यावरच चालतं.

एमएमटी विषारी आहे आणि कातडीतूनही अंगात जातं. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत ओता, मुलांच्या हाती लागू देऊ नका. उजेडात ते लवकर विघटित होतं, म्हणून आमची बाटली अपारदर्शक आहे. उरलेलं काचेच्या बाटलीत काढून ठेवू नका. टाकीत आधी बूस्टर आणि वरून पेट्रोल, म्हणजे नीट मिसळतं.